फुताबा, नामिए, तोमिओका : अणुदुर्घटनेने ओस पाडलेल्या गावांना भेट कशी द्यावी

अणुदुर्घटनेमुळे रिकामं झालेलं शहर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे युक्रेनमधलं प्रिप्यात येतं. चेर्नोबिल प्रकल्पातल्या कामगारांसाठी १९७० साली वसवलेलं, जवळपास ४९ हजार वस्तीचं हे शहर २७ एप्रिल १९८६ला दुपारी काही तासांत बसगाड्यांनी रिकामं केलं गेलं. पण रशियाचं आक्रमण झालं त्या फेब्रुवारी २०२२पासून तो परिसर पर्यटकांना बंद आहे. १४ फेब्रुवारी २०२५ला तर उद्ध्वस्त भट्टीवरच्या नव्या पोलादी कवचावरच ड्रोन आदळला. युद्ध चालू असताना "आम्ही आत नेतो" म्हणणारं कुणी भेटलं, तर त्याच्या नादी लागू नका.

आज सामान्य माणसाला साध्या रेल्वेच्या तिकिटावर, कायदा न मोडता जाता येईल अशी जागा आहे ती जपानमध्ये. फुकुशिमा प्रांताच्या पॅसिफिक किनारपट्टीला हामादोरी म्हणतात. तिथली फुताबा, ओकुमा, नामिए आणि तोमिओका ही गावं २०११ साली काही दिवसांत रिकामी झाली आणि आता चिमूटचिमूट भरत आहेत. हा लेख तिथे जाण्याबद्दल आहे. टोकियोत नोकरीला असलेली मराठी मंडळी शनिवार-रविवारी जाऊन येऊ शकतात; भारतातून जपानला फिरायला जाणाऱ्यांनी त्यासाठी दोन दिवस बाजूला काढावेत.

एक गोष्ट मनाशी आधीच पक्की करा. प्रिप्यातचे फोटो डोक्यात ठेवून इथे आलात तर निराश व्हाल. गंजलेला आकाशपाळणा, वर्गात पडलेल्या बाहुल्या असलं काही इथे रचून ठेवलेलं नाही. पडकी घरं मालकांच्या संमतीने सरकार पाडत आलं आहे, त्यामुळे स्टेशनबाहेर पडल्यावर बहुतेक ठिकाणी दिसतात ती मोकळी, गवत वाढलेली प्लॉटं. इथलं रिकामपण नीट बघायचं तर आधी घटना समजून घ्यावी लागते, आणि म्हणून कोणती जागा आधी आणि कोणती नंतर, हा क्रम फार महत्त्वाचा ठरतो.

निघण्यापूर्वी एवढं माहीत हवं

११ मार्च २०११ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. तासाभरात त्सुनामी आली. फुकुशिमा दाइइची प्रकल्पाच्या सहा भट्ट्यांपैकी पहिल्या चार ओकुमाच्या हद्दीत आहेत, पाचवी-सहावी फुताबाच्या. चालू असलेल्या भट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंद पडल्या होत्या, पण बंद भट्टीसुद्धा कित्येक दिवस थंड करत राहावी लागते. बाहेरून येणारी वीज भूकंपाने गेली, डिझेल जनरेटर आणि वीजवाटपाची यंत्रणा त्सुनामीच्या पाण्यात बुडाली. पहिल्या तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. १२ तारखेला पहिल्या, १४ला तिसऱ्या आणि १५ला चौथ्या भट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला.

लोकांना घरं सोडण्याचे हुकूम टप्प्याटप्प्याने सुटले: ११ तारखेला रात्री ३ किलोमीटरच्या आतल्यांना, १२ला पहाटे १० किलोमीटर, त्याच संध्याकाळी २० किलोमीटर. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत परत येऊ या समजुतीने अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. नामिएतले हजारो लोक डोंगरातल्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले. किरणोत्सारी ढग नेमका त्याच दिशेने सरकला. किरणोत्सार वाऱ्याबरोबर कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी संगणकीय यंत्रणा सरकारकडे होती, पण तिचे निष्कर्ष गावापर्यंत पोचलेच नाहीत. पुढे प्रांतातून विस्थापित झालेल्यांचा आकडा १ लाख ६० हजारांच्या वर गेला.

आणखी एक आकडा जाण्यापूर्वी वाचाच. फुकुशिमा प्रांतात भूकंप-त्सुनामीने थेट गेलेले लोक सुमारे १,६०० आहेत. स्थलांतराची दगदग, तुटलेले औषधोपचार, आश्रयाच्या जागी ढासळलेली तब्येत, आत्महत्या अशा कारणांनी नंतर गेलेले म्हणून सरकारदरबारी नोंदवलेले लोक २,३००हून अधिक. ओकुमातल्या एका रुग्णालयातून आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातून हलवताना, तासन्‌तास बसमध्ये बसून राहिलेले चाळीसहून अधिक आजारी म्हातारे दगावले. किरणोत्सारापेक्षा घर सुटण्याने जास्त माणसं मारली. हे लक्षात ठेवून गेलात तर तिथली प्रत्येक मोकळी जागा वेगळी दिसते.

काय उघडं, काय बंद

बंदी टप्प्याटप्प्याने उठली. नामिएचा आणि तोमिओकाचा मोठा भाग २०१७च्या वसंतात खुला झाला, ओकुमाचा पहिला भाग २०१९मध्ये. फुताबा सगळ्यांत शेवटी. मार्च २०२०मध्ये स्टेशनचा परिसर येण्याजाण्यापुरता उघडला, आणि लोकांना मुक्कामाने राहता येऊ लागलं ते ३० ऑगस्ट २०२२पासून. साडेअकरा वर्षं त्या गावात रात्री एकही माणूस अधिकृतपणे राहत नव्हता. दुर्घटनेआधीच्या सुमारे ७ हजारांपैकी आज तिथे राहतात ते दोनशेच्या आगेमागे, आणि त्यांतही नव्याने आलेले बरेच. नामिएत २१ हजारांच्या जागी दोन-अडीच हजार.

३०० चौरस किलोमीटरहून जास्त भाग अजूनही बंद आहे. त्याला जपानीत 'किकान कोन्नान कुइकी' म्हणतात. हे तीन शब्द पाठ करा, कुणी सांगितले तर कळायला हवेत. रस्त्याला आडवं फाटक, पांढरा फलक, कधी पिवळ्या-निळ्या गणवेशातला पहारेकरी दिसला की तिथून मागे फिरायचं. परवान्याशिवाय आत जायला मनाई आहे. काही फाटकं अगदी घराच्या दारातच आहेत: मुख्य रस्ता खुला, त्याला लागून असलेली गल्ली बंद. "कुणी बघत नाहीये" असं वाटण्याचे मोह इथे खूप येतात. खुल्या भागातलंही रिकामं घर हे कुणाचं तरी घर आहे. त्यात पाऊल टाकू नका. छपरं कुजलेली असतात, रानडुकरांनी आत संसार थाटलेला असतो, आणि मालक अजून हयात असतो.

प्रकल्पाभोवती सुमारे १६ चौरस किलोमीटरची 'तात्पुरती साठवण' आहे. प्रांतभर शेतांतून, अंगणांतून, शाळांच्या मैदानांतून खरवडून काढलेली सुमारे १.४ कोटी घनमीटर माती तिथे आणून ठेवली आहे. कायद्याने ती मार्च २०४५पर्यंत फुकुशिमाबाहेर न्यायची आहे. तिला घ्यायला अजून कुणी तयार नाही. ही जमीन कुणाची तरी भातखाचरं होती.

किरणोत्साराचं गणित

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

शरीराला मिळणारा किरणोत्साराचा डोस मोजायला तिथे वापरतात ते एकक मायक्रोसिव्हर्ट प्रतितास. १,००० मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १ मिलिसिव्हर्ट. बातम्यांमध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते, आणि हजारपट फरक पडतो. जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. जपान सरकारने माती साफ करण्यासाठी मोजमाप धरलं आहे ते तासाला ०.२३ मायक्रोसिव्हर्टचं. गाव खुलं करायची अट मात्र वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत, आणि ही अट फार सैल आहे असं म्हणणारे अनेक लोक तिथे आहेत. कायमचं राहणाऱ्यांसाठी तो वाद अगदी खरा आहे. लहान मुलं घेऊन परतावं का, हा प्रश्न तिथल्या घराघरांत भांडणाचा झाला आहे.

एका दिवसाच्या पाहुण्यासाठी मात्र गणित सोपं आहे. समजा तुम्ही आठ तास सरासरी ०.२च्या जागी फिरलात: ८ × ०.२ = १.६ मायक्रोसिव्हर्ट. भारतातून जपानला जाताना विमानात उंचावरच्या वैश्विक किरणांमुळे याच्या कितीतरी पट जास्त मिळतात. छातीच्या एका एक्स-रेचा डोस याच्या कितीतरी पट, सीटी स्कॅनचा तर हजारो पट. मोटारीने राष्ट्रीय महामार्ग ६वरून प्रकल्पाजवळून जाताना आकडा काही मिनिटं चढतो, पुढे उतरतो.

मोजायला स्वतःचं यंत्र न्यायची गरज नाही. गावागावांत, उद्यानांत, स्टेशनांबाहेर पांढरे खांब उभे आहेत. वर सौर पट्टी, छातीच्या उंचीवर लाल आकडे: ०.०८७, ०.१४२, ०.३१०. जोबान एक्स्प्रेसवेवरही असे फलक आहेत. माझी सूचना अशी की पहिल्या खांबापासून वहीत आकडा, जागा, वेळ लिहायला लागा. स्टेशनचा फरसबंद चौक आणि त्यामागची न खरवडलेली टेकडी यांच्या आकड्यांत फरक दिसायला लागला की पुस्तकं वाचूनही जे कळत नाही ते कळतं. दुर्घटनेत बाहेर पडलेल्या आयोडीन-१३१चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) आठ दिवसांचं, ते केव्हाच संपलं. सीझियम-१३४चं दोन वर्षांचं, तेही जवळपास गेलं. राहिलं ते सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं. ते चिकणमातीला घट्ट धरून बसतं. म्हणून वस्तीची माती काढली की आकडा धाडकन उतरतो, आणि डोंगर-जंगल खरवडता येत नाही म्हणून तिथला हळूहळूच उतरतो.

यातून पाळायचे नियम तीनच निघतात. जंगलात, झुडपांत, पडीक शेतांत शिरू नका. रानातले मशरूम आणि रानभाज्या खाऊ नका, तोडू नका. आठवण म्हणून माती, दगड, पानं उचलून आणू नका. दुकानात मिळणारं अन्न तपासलेलं असतं. जपानची मर्यादा किलोला १०० बेकरेल (अन्नातला किरणोत्सार मोजण्याचं एकक) आहे आणि ती कडक समजली जाते. मास्क, पांढरे झगे यांची गरज नाही. ते घालून फिरणं तिथे राहणाऱ्यांना फार लागतं.

कागदपत्रं आणि प्रवास

भारतीय पासपोर्टला जपानचा व्हिसा आधी काढावा लागतो. फिरण्याच्या बेतात "फुकुशिमा प्रांत: फुताबा, नामिए" असं सरळ लिहा, लपवण्यासारखं काही नाही. परवाना लागतो तो फक्त बंद भागासाठी, आणि पर्यटकाला त्या भागात जायचं कारणच नाही.

सावधान: 'फुकुशिमा' नावाचं शिनकान्सेनचं स्टेशन आतल्या बाजूला, प्रकल्पापासून ६० किलोमीटरच्या आसपास आहे. डोंगररांग ओलांडल्याशिवाय तिथून किनाऱ्यावर जाता येत नाही. तुम्हाला हवी आहे ती जोबान लाइन. नऊ वर्षं तुटलेला तिचा तोमिओका ते नामिए हा तुकडा १४ मार्च २०२०ला पुन्हा जोडला गेला. टोकियोच्या शिनागावा, टोकियो आणि उएनो स्टेशनांवरून 'हिताची' ही जलद गाडी सुटते. बहुतेक हिताची इवाकीलाच संपतात. थेट फुताबा-नामिए करत सेंदाईला जाणाऱ्या दिवसाला मोजक्याच. टोकियोहून फुताबा साधारण साडेतीन तास. थेट गाडीची वेळ जुळली नाही तर इवाकीला उतरून लोकल पकडा. लोकल दोन-दोन तासांच्या अंतराने असू शकते, म्हणून परतीच्या गाडीची वेळ आधी कागदावर लिहा आणि मग दिवस आखा. जपान रेल पास या गाडीला चालतो, पण जागा राखून घ्यावी लागते.

दोघं-तिघं असाल तर इवाकीहून मोटार भाड्याने घेणं सगळ्यांत सोयीचं. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराखालचा असतो आणि तो जपानमध्ये चालतो. मूळ लायसन आणि पासपोर्ट सोबत ठेवा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून. एक्स्प्रेसवेवर तोमिओका, ओकुमा, फुताबा आणि नामिए या सगळ्यांना उतरायची सोय आहे. नकाशावर जवळचा दिसणारा रस्ता बंद भागातून जात असू शकतो. जीपीएस काहीही म्हणो, फाटक दिसलं की वळा.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा उत्तम: तोमिओकाच्या योनोमोरी भागात चेरीची झाडं रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कमान धरतात. मे महिन्याच्या अखेरीस सोमा नोमाओइ हा घोडेस्वारांचा उत्सव असतो. चिलखत घालून घोड्यावर बसणाऱ्यांत फुताबा, नामिए, ओकुमाचे विस्थापितही असतात, आणि वर्षातून त्या एकाच निमित्ताने गावकीची भेट होते असं अनेकांचं आहे. ११ मार्चला स्मृतिदिन. त्या दिवशी तुमचं नातं नसेल तर जाऊ नका, ती जागा त्यांना राहू द्या.

पहिला दिवस: किनाऱ्याकडून सुरुवात

बहुतेक प्रवासी आधी फुताबा स्टेशनला उतरून थेट संग्रहालयात जातात. मी उलट सांगेन: उकेदोच्या शाळेपासून सुरुवात करा. नामिए स्टेशनहून टॅक्सीने किंवा मोटारीने जावं लागतं.

उकेदो हे नामिएचं कोळीवाड्याचं गाव. समुद्रापासून जेमतेम ३०० मीटरवर असलेली तिथली प्राथमिक शाळा ऑक्टोबर २०२१पासून स्मारक म्हणून बघता येते. तळमजल्यावर पाण्याने काय केलं ते आहे तसंच ठेवलंय. छताचे पत्रे खाली लोंबताहेत, स्वयंपाकघरातली भांडी एका कोपऱ्यात ढकललेली, लोखंडी खिडक्यांच्या चौकटी मुठीत धरून पिळल्यासारख्या. व्यायामशाळेची लाकडी जमीन एका बाजूला खचली आहे, आणि व्यासपीठावर शाळा संपवणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्र समारंभाचा फलक अजून लटकतोय. तो समारंभ काही दिवसांवर आला होता. भूकंपाच्या वेळी शाळेत ८२ मुलं होती. शिक्षकांनी त्यांना दीड किलोमीटरवरच्या ओहिरा टेकडीकडे चालवत नेलं. सगळी मुलं वाचली.

वरच्या मजल्यावर चढा. फळ्यावर नंतर शोधमोहिमेवर आलेल्या जवानांनी आणि गावकऱ्यांनी खडूने लिहिलेले निरोप जपून ठेवले आहेत. आणि मग खिडकीबाहेर दक्षिणेला बघा. सहाएक किलोमीटरवर प्रकल्पाच्या चिमण्या आणि क्रेन दिसतात.

इथे थांबून एक गोष्ट आठवा. ११ मार्चच्या रात्री या किनाऱ्यावर ढिगाऱ्याखालून माणसांचे आवाज येत होते. अंधार आणि पुन्हा येणारं पाणी यांमुळे अग्निशमन दलाने "सकाळी येतो" असं ठरवलं. सकाळी १० किलोमीटरच्या आतला भाग सोडा असा हुकूम आला. शोधकार्य पुन्हा सुरू झालं ते महिन्याभराने. उकेदोची वस्ती आज गवताळ मैदान आहे. इथे पुन्हा घर बांधायला बंदी आहे. शाळेनंतर ओहिरा टेकडीवर जा. गावाचं कब्रस्तान आता तिथे हलवलं आहे, गेलेल्यांची नावं कोरलेला दगड आहे. सुतकातल्या घरी आपण जसे पायरीवर आवाज खाली करतो, तसंच तिथे वागा: कबरींचे फोटो नकोत, नावांच्या जवळून सेल्फी तर नकोच.

शाळेसाठी तास-दीड तास ठेवा. तिकीट मोठ्यांना ३०० येन. मंगळवारी बंद. फुताबाचं संग्रहालयही मंगळवारीच बंद असतं, त्यामुळे तो वार टाळूनच बेत करा.

दुपार: संग्रहालय आणि मग फुताबा पायी

उकेदोहून किनाऱ्याने तीन-चार किलोमीटरवर फुताबाच्या हद्दीत पूर्व जपान भूकंप व अणुदुर्घटना स्मृती संग्रहालय आहे, २० सप्टेंबर २०२०ला उघडलेलं. फुताबा स्टेशनहून बसही येते. तिकीट ६०० येन. मांडणी नीटनेटकी आहे. माझं मत विचाराल तर जरा जास्तच नीटनेटकी: चुका कुणाच्या होत्या हे सांगताना आवाज मवाळ होतो. म्हणूनच तिथली एक गोष्ट चुकवू नका. दिवसातून काही वेळा स्थानिक माणसं समोर बसून आपली हकिगत सांगतात. जपानी येत नसेल तर फोनवरचं भाषांतर चालू ठेवा, पण बसा. आल्याबरोबर प्रवेशद्वाराशी वेळ विचारून घ्या आणि बाकीचं बघणं त्या वेळेभोवती बसवा.

पूर्वी फुताबाच्या मुख्य रस्त्यावर आडवी कमान होती. 'अणुशक्ती, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा' अशा अर्थाची घोषणा तिच्यावर होती, आणि ती सहावीतल्या एका मुलाने शाळेतल्या गृहपाठात लिहिली होती. मोठेपणी त्याच माणसाने ही कमान पाडू नका, आमची चूक म्हणून ती उभी राहू द्या, अशी मागणी केली. कमान उतरवली गेली, पण अक्षरांचे फलक आता या संग्रहालयात आहेत. ते बघितल्याशिवाय निघू नका.

त्यानंतर फुताबा स्टेशनकडे या आणि दीड-दोन तास पायीच फिरा. जुन्या स्टेशनच्या इमारतीवरचं घड्याळ भूकंपाच्या घटकेला थांबलेलं आहे. पूर्वेकडे जुनी बाजारपेठ: मधूनच एखादं दुकान उरलेलं, काही भिंतींवर मोठाली रंगीत चित्रं काढलेली. ती इथल्या माणसांची, इथल्या दुकानांची आहेत. पश्चिमेकडे नवी घरं, २०२२ला परतलेलं गावचं कार्यालय. त्याआधी हे कार्यालय शेकडो किलोमीटर दूर सैतामा प्रांतातल्या एका बंद शाळेत आणि नंतर इवाकीत चालत होतं. गावच निर्वासित होतं. जानेवारीत दारुमा बाहुल्यांचा बाजार गावात पुन्हा भरू लागलाय.

चालताना रस्ता सोडू नका. पाट्यांवरची आडनावं, घरांच्या आतलं दिसणारं सामान यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. अणुप्रकल्पाभोवती ड्रोन उडवायला कायद्याने बंदी आहे. कुणी अंगणात गवत काढताना दिसलं तर थांबून मान लववून "कोन्निचिवा" म्हणा. गावात माणूस दिसणं हीच तिथे मोठी गोष्ट असते, आणि बघणारे बघून निघून जातात याचा त्यांना कंटाळा आलेला असतो.

मुक्काम फुताबा, नामिए किंवा तोमिओकात करता आला तर फार चांगलं. नाही तर इवाकीत हॉटेलं भरपूर. गावात राहिलात तर संध्याकाळी बाहेर पडा. कोणत्या खिडक्यांत दिवा आहे ते मोजता येतं.

खाण्याची सोय नामिएच्या मिचि-नो-एकीत, म्हणजे रस्त्याकडेच्या सरकारी थांब्यात. जाड शेवयांचा नामिए याकिसोबा तिथली खासियत. त्यात डुकराचं मांस असतं. शाकाहाऱ्यांची पंचाईत होते, कारण भाजीच्या रश्श्यातही माशाचं पाणी असतं. थेपले, चिवडा, खाकरा बरोबर ठेवा; ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेऊ नका. सुटे येन जवळ असू द्या. कचराकुंड्या जवळजवळ नाहीत, आपला कचरा आपल्या पिशवीत.

दुसरा दिवस: तोमिओका

सकाळी गावचं अभिलेख संग्रहालय बघा. लोकांना उंचावर पाठवत असताना त्सुनामीत सापडलेल्या दोन पोलिसांची चेपलेली गस्तीची गाडी तिथे ठेवली आहे. नंतर योनोमोरीची चेरीची वाट; तिच्या काही भागावर अगदी २०२३पर्यंत फाटक होतं.

शेवटी दाइइची प्रकल्प चालवणाऱ्या तेप्को कंपनीचं डीकमिशनिंग अर्काइव्ह सेंटर, म्हणजे भट्ट्या मोडीत काढण्याच्या कामाचं माहितीकेंद्र. प्रवेश मोफत. इमारत दुर्घटनेपूर्वी कंपनीचं प्रचारकेंद्र होती, म्हणून तिचं बाह्यरूप एडिसन, आइन्स्टाइन आणि क्युरी यांच्या घरांसारखं केलेलं आहे. आत कंपनी आपल्या अतिआत्मविश्वासाची कबुली देते आणि माफी मागते. भट्ट्यांच्या आत आज काय चाललंय ते इथे उत्तम कळतं: नोव्हेंबर २०२४मध्ये दुसऱ्या भट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना निघाला, एक ग्रॅमही नाही, आणि तीन भट्ट्यांत मिळून असा माल सुमारे ८८० टन आहे. ऑगस्ट २०२३पासून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या प्रकल्पातल्या प्रक्रिया केलेल्या पाण्याबद्दल कंपनीचं म्हणणं इथे ऐका, कोळ्यांचं म्हणणं आदल्या दिवशी उकेदोत. हा थांबा शेवटी ठेवायचं कारण तेच. आधी कंपनीची मांडणी बघितली की बाकीचं तिच्या तपशिलासारखं वाटायला लागतं.

भूकंप झाला तर

तो केव्हाही होऊ शकतो. 'सेफ्टी टिप्स' हे पर्यटकांसाठीचं अ‍ॅप फोनवर आधीच घ्या. किनाऱ्यावर असताना जोराचा हादरा बसला तर भोंग्याची वाट न बघता जमिनीच्या चढाकडे निघा. उकेदोच्या मुलांनी केलं तेच. गाडीत बॅटरी, पाणी आणि कागदी नकाशा ठेवा.

वाटाड्या घ्या आणि हे विचारा

जमलं तर एक दिवस स्थानिक वाटाड्याबरोबर काढाच. प्रांत सरकारच्या 'होप टूरिझम' या उपक्रमातून गटांसाठी अशी सोय होते. पुष्कळ आधी कळवावं लागतं. प्रकल्पाच्या आत एकट्या पर्यटकाला असंच जाता येत नाही. संस्था, अभ्यासगट यांनी रीतसर अर्ज केला तर विचार होतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांकडे विचारण्यासारखं बरंच असतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९पासूनच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आणि जनरल इलेक्ट्रिकच्या. दाइइचीची पहिली भट्टीही त्याच कंपनीची, त्याच प्रकारची, १९७१ची. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला सहा भट्ट्यांचा, १०,३८० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित आहे; फुकुशिमाच्या पाठोपाठ, एप्रिल २०११मध्ये तिथल्या आंदोलनावर गोळीबार होऊन एक जण गेला. प्रकल्पाच्या बाजूचे असा की विरोधातले, वाटाड्याला नुसतं "किती भीती वाटली?" विचारू नका. घर सोडायचा हुकूम तुम्हाला कसा कळला: भोंग्यावरून, पोलिसाकडून की शेजाऱ्याकडून? बसगाड्या आल्या का? अंथरुणाला खिळलेल्यांना कुणी उचललं? गाईंचं काय झालं? किती वेळा बिऱ्हाड हलवलं, आणि नुकसानभरपाई रस्त्याच्या अलीकडच्यांना किती, पलीकडच्यांना किती मिळाली? उत्तरं वहीत लिहून घ्या, आकड्यांच्याच शेजारी. आणि विचारून झाल्यावर तुमच्या जिल्ह्यातला आपत्कालीन आराखडा मागवून त्यात याच प्रश्नांची उत्तरं शोधा. तो जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.